बुचातली सुई

घोडपदेव, ११ जुलै २००८

दमयंती,

जयभीम. चार दिवस तुझा फोन नुसता वाजतोय. काल माझ्या पोराच्या, लहूच्या मोबाइलवरून केला, तर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. घोडपदेवहून अँटॉप हिल काही परदेश नाही. टॅक्सीत घालून पोराने मला आणलंही असतं. पण दारात उभी राहिले की तू 'ये ताई' म्हणशील, मग मी ताई होऊन बसेन आणि तुझा चहा पिऊन परत येईन. सख्ख्या बहिणीला पत्र लिहायची पाळी अठ्ठावन्नाव्या वर्षी आली.

सोमवारी घरी सोडलं. चौदा दिवस अँटिबायोटिक चढवलं. पहिले दोन दिवस माझं ब्लडप्रेशर यंत्रालाही सापडत नव्हतं, असं लहू सांगतो. छातीतला पोर्ट काढून टाकला. केमोने हाताच्या नसा करपल्या तेव्हा तूच म्हणाली होतीस, "ताई, पोर्ट बसवून घे. कातडीखाली कोटाच्या बटणाएवढी डबी, तिची नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या नसेत. सुई शोधत बसायला नको." तुझं ऐकलं. आता तिथे टाके आहेत. आजार परत उलटला तर औषध कुठून देणार ते डॉक्टरांनाच ठाऊक.

पण मी टाक्यांसाठी लिहीत नाही. तू जे बोललीस त्यासाठी लिहितेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभे होते. हातात रिपोर्ट होता. म्हणाले, "रक्तात जंतू आहेत आणि ते पोर्टमधून आलेत. पोर्टमधून काढलेल्या रक्तात आधी वाढले, हाताच्या रक्तात नंतर. हा पोर्ट बाहेर कुठे उघडला होता का?"

मी बोलायच्या आत तू बोललीस. "नाही डॉक्टर. मी स्वतः सिस्टर आहे, मला कळतं. पण ही चाळीत राहते. मजल्याला एक मोरी, पाणी पिंपात भरलेलं. कितीही सांगा, या लोकांना स्वच्छतेचं कळत नाही."

या लोकांना.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या नावाच्या फायलीत आता कायमचं लिहिलेलं आहे की गुणवंती घाणीत राहते. मी तापाच्या ग्लानीत होते, नाहीतर तिथेच विचारलं असतं. ज्या मोरीला तू नाक मुरडलंस त्या मोरीत चोवीस वर्षं तुझी अंघोळ झाली. मी मिलच्या वाइंडिंग खात्यातून कापसाने पांढरी होऊन यायचे आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय भाकरीला हात लावायचे नाही. चाळीतली बाई म्हणजे कशी असते ते तू मला शिकवायचं नाहीस.

माझ्या घरावर आळ घेतलास, बाई. केसाने गळा कापलास.

फोन उचल.

तुझी ताई

*

घोडपदेव, १७ जुलै २००८

दमयंती,

पत्र मिळाल्याचं तुझ्या जगदीशरावांनी लहूला सांगितलं. म्हणाले, ती वाचून फार रडली. रडलीस ते बरं केलंस, पण उत्तर धाडलं असतंस तर आणखी बरं झालं असतं.

आज मी भांडत नाही. तुझ्या फ्रिजबद्दल लिहायचं आहे आणि घाई आहे, कारण रविवार तीन दिवसांवर आलाय.

आधी माझंच सांगते. फेब्रुवारीत केमो संपला. पोर्ट तसाच ठेवायचा होता, आणि तो महिन्यातून एकदा सलाइनने धुवावा लागतो, नाहीतर नळीत रक्त गोठतं. परळच्या हॉस्पिटलात त्यासाठी सकाळी नंबर लावायचा नि दुपार टळली की सुटायचं. तू म्हणालीस, "ताई, पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी माझ्याकडे ये, जेवूनच जा." रांगेचा मला कंटाळा नव्हता गं. पंधरा वर्षं मिलच्या गेटवर रांगेत उभं राहिलेली बाई मी. मला तुझं बोलावणं हवं होतं. लग्न होऊन तू त्या क्वार्टर्समध्ये गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्यात चौदा एप्रिल सोडून मला जेवायला किती वेळा बोलावलंस ते तूच आठव. आणि आता महिन्यातला एक रविवार माझा झाला होता. मी इस्त्रीची साडी नेसून यायचे. तू माझ्या आवडीचं सुकटीचं कालवण करायचीस. परळच्या डॉक्टरांनी मला लाख सांगितलं होतं, पोर्ट आमच्याकडेच धुवायचा. मी त्यांना सांगितलं नाही आणि तुलाही सांगितलं नाही.

तू कोपरापर्यंत हात धुवायचीस. छातीला औषध लावायचीस. वाकडी सुई नवी फोडायचीस. सगळं पुस्तकाप्रमाणे. मग फ्रिजच्या दारातून, कोकमाच्या बाटलीशेजारून, सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली काढायचीस. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली. तिला सिरिंज लावून हवं तेवढं ओढायचं आणि बाटली परत फ्रिजमध्ये. मार्चमध्ये ती बाटली भरलेली होती. मे महिन्यात अर्ध्यावर आली होती आणि सुई तीच होती.

एप्रिलमध्ये मी तुझ्याकडून निघाले आणि टॅक्सीतच हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तुला फोन केला. तू म्हणालीस, अशक्तपणा आहे, लिंबूपाणी घे. मे महिन्यात पुन्हा तसंच, जेवण होऊन तासाभरात, तुझ्याच पलंगावर. तू माझ्यावर दोन चादरी घातल्यास आणि पाय चोळलेस. जूनमध्ये मला उचलून न्यावं लागलं.

वॉर्डात राधा नावाची सिस्टर होती, आपल्या लहूच्या वयाची. दर वेळी बोटाएवढी नवी सलाइन फोडायची, थोडी वापरायची आणि उरलेली सरळ कचऱ्यात. मला राहवेना. म्हटलं, अगं एवढी चांगली टाकतेस? ती म्हणाली, "मावशी, एकदा उघडली की संपलं. तुमच्या रक्तात निघाला तो जंतू ओलाव्यात राहणारा आहे. बाटलीत शिरला की आपण सुईने त्यालाच आत सोडतो." मी विचारलं, फ्रिजमध्ये ठेवली तर? ती हसली. "त्याला फ्रिज काय नि माळा काय."

त्याच दुपारी लहूच्या फोनवरून मी तुला म्हटलं, दमे, ती बाटली फेकून दे. आठवतं काय म्हणालीस? "ताई, पंचवीस वर्षं आम्ही वॉर्डात एका बाटलीवर आठवडा काढलाय. तेव्हा सामान मिळायचं नाही. कोणी मेलं नाही." मग फोन बंद.

कोणी मेलं नाही हे तुला कसं माहीत? हुडहुडी भरून घरी गेलेली माणसं तुला सांगायला येणार होती?

आता मुद्द्याचं. या रविवारी शिवडीची पुतळाबाई तुझ्याकडे येणार आहे. तिलाही छातीचा कॅन्सर, तिलाही पोर्ट. तिला तुझ्याकडे मीच पाठवलं. "माझी बहीण सिस्टर आहे, परळला कशाला ताटकळतेस," अशी शेखी मिरवली मी. मे आणि जून, दोनदा ती तुझ्याकडे येऊन गेली आहे.

पुतळाबाई कोण हे तुला सांगायला नको, पण सांगते. ब्याऐंशीचा संप. यांची मिल बंद, माझीही बंद. तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे म्हणाले, दमीला काढा आणि कुठेतरी कामाला लावा. मी म्हटलं, नाही. तेव्हा पुतळाबाईने मला हाताला धरून भाऊच्या धक्क्यावर नेलं आणि कोळंबी सोलायला बसवलं. मी ताजी कोळंबी कधी हातात धरली नव्हती. पहिल्या आठवड्यात बोटं टम्म सुजली. शनिवारी होस्टेलमधून तू यायचीस नि जांभळं औषध लावायचीस. तुझी पहिली पेशंट मी. आणि घरी जाताना पुतळाबाई रोज फडक्यात मूठभर बांगडे-बोंबील बांधून द्यायची. तेव्हा कुणी कुणाला काही देत नव्हतं.

तर एवढं कर. बाटली फेक आणि तिला काहीतरी निमित्त सांगून परळला पाठव. अंगात कणकण आहे म्हण, पाहुणे आहेत म्हण. यंदा तुला मेट्रन करणार आहेत हे मला ठाऊक आहे. मी कुणाला काही सांगत नाही. पुतळीलाही नाही. हे आपल्या दोघींत राहील.

ताई

*

घोडपदेव, २३ जुलै २००८

दमयंती,

काल पुतळाबाई आली होती. सुनेला, जाईबाईला, घेऊन आली. सध्या मासेमारी बंद, म्हणून सुकं विकत फिरतेय, माझ्यासाठी जवळा आणला होता. बसली नि म्हणाली, "गो गुणवंती, तुजे बहिनीनं परवा सुई लावली, नि तासाभरान मना असा हिव भरला का जाईनं तीन गोधड्या घातल्या. जूनमधी पन असाच झालेला. मी म्हटला पावसाची हवा."

मी विचारलं, सलाइन कुठून काढलं?

"फिरिजमधून. थंडगार. आत जाताना कलतंय ना."

म्हणजे माझं पत्र शुक्रवारी तुझ्या हातात पडलं. जगदीशरावांनी लहूला तसं सांगितलं. तू ते वाचलंस, आणि रविवारी पुतळीला समोर बसवून, त्याच बाटलीतून, तिच्या छातीत घातलंस.

मला आजवर वाटत होतं, तू घाबरून खोटं बोललीस. घाबरलेल्या माणसाला मी समजू शकते. पण हे भय नाही. तू पत्रानंतर बाटली बदलली असतीस तर आपली चूक होती असं तुझं तुलाच कबूल करावं लागलं असतं. ते टाळायला तू पुतळीचं रक्त वापरलंस. मी बरोबर बोलतेय ना? चुकत असेन तर सांग. मला चुकायला आवडेल.

तिला कसं वाटतंय विचारलं तर म्हणाली, आता बरं आहे, फक्त हातपाय गळाल्यासारखे. मी म्हटलं, परळला जाऊन दाखव. ती म्हणाली, शुक्रवारी तारीख आहेच, तवा जाईन. तिचा हात माझ्या हातात होता. तापलेला होता. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

आता तू रागाने म्हणशील, ताई, तू मोठी सोवळी. नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी ग्लानीत होते. खोटं लिहिलं. मी शुद्धीत होते, दमयंती. तू डॉक्टरांना 'नाही' म्हणालीस आणि माझ्याकडे बघितलंस. डॉक्टरांनीही बघितलं. आणि मी मान हलवली. हो, बाहेर कुठे उघडला नाही. हो, चाळीत राहते. माझ्या घरावरचा आळ मी स्वतःच्या मानेने पक्का केला, तुझी नोकरी राहावी म्हणून. मोरीवरून तुझ्याशी भांडले ते खरं. पण तो राग अर्धा माझ्या मानेवर होता.

तेव्हा वाटलं होतं, मी माझ्या रक्ताचं काहीतरी सोडून दिलं, माझं होतं, मी दिलं. पुतळीचं सोडून द्यायचा मला काय अधिकार होता?

शुक्रवारी सकाळी परळला आमच्या डॉक्टरांची ओपीडी आहे. पुतळाबाई तिथे असेल. तू ये. तू सिस्टर आहेस, तुला दोन मिनिटं लागतील. सांग की मी घरी फ्लश करत होते, उघड्या बाटलीतून, तिला हुडहुडी भरली आहे, तिचं रक्त तपासा. तुझ्या तोंडून गेलं तर चूक म्हणतील. माझ्या तोंडून गेलं तर वेगळं म्हणतील. मी तुला शुक्रवारपर्यंत वेळ देतेय, कारण तू माझी आहेस.

ताई

*

घोडपदेव, २८ जुलै २००८

दमयंती,

तू आली नाहीस. मी आठ वाजल्यापासून परळच्या बाकावर होते. दार उघडलं की मान वर करत होते.

पुतळाबाईही आली नाही. दहाच्या सुमारास जाईबाईचा फोन लहूला आला. गुरुवारी दुपारी माळ्यावरचं सुकं काढताना ती कोसळली. शिवडीतल्या दवाखान्यात मलेरिया म्हणून सलाइन लावलं होतं आणि शुद्ध हरपत चालली होती.

मी ओपीडीत घुसले. शिपाई नंबर विचारत होता, त्याला बाजूला केलं. डॉक्टरांना म्हटलं, "मी गुणवंती. जूनमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले. माझा पोर्ट बाहेर उघडला होता, चार वेळा. शिवडीच्या पुतळाबाईंचाही उघडलाय. त्यांना आत्ता ताप आहे आणि तिथे मलेरिया म्हणतायत."

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी आधी फोन लावला, पुतळीला गाडीतून इकडे आणायला सांगितलं, येता येता कुठलं औषध सुरू करायचं ते सांगितलं. मग पेन उघडलं आणि विचारलं, "कोणी उघडला?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, दवाखाना, हुद्दा. 'माझी बहीण' हे त्यांनी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. माझ्या फायलीतलं ते वाक्य त्यांनी माझ्यादेखत खोडलं. मला वाटलं होतं त्याने काहीतरी हलकं होईल. झालं नाही.

त्यांनी विचारलं, आणखी कोणाकोणाचे उघडलेत तिने? मला आम्ही दोघीच माहीत. तू एकदा म्हणाली होतीस, कॉलनीतल्याही एक बाई येतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. डॉक्टर तुला फोन करतायत. माझा उचलू नकोस, त्यांचा उचल. त्या बाईंना अजून हुडहुडी भरली नसेल तर बरंच आहे, भरली असेल तर त्यांच्याकडे दिवस थोडे आहेत. मेट्रन होशील की नाही मला माहीत नाही. तुझं शिक्षण सुटू नये म्हणून मी माझी बोटं सडवली, ती तू अशी बसावीस म्हणून नाही.

पुतळीचा पोर्ट शुक्रवारीच काढला. तिच्या रक्तात तोच जंतू निघाला, माझ्याच रिपोर्टातलं नाव. दोन दिवस ती आयसीयूत होती. काल वॉर्डात आणली. किडनीला धक्का बसलाय, पण वाचेल म्हणतात. राधा सिस्टरनेच तिला खाऊ घातलं.

मी काल संध्याकाळी भेटायच्या वेळेत गेले. तिने डोळे उघडले, मला ओळखलं. जाईबाईने तिला सगळं सांगितलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुला कवापासून माहीत होतं गो?"

मी म्हटलं, महिना झाला.

 ती म्हणाली, "म्हंजे मंगलवारी मी तुजे घरी आली, तू माझा हात धरलास, तवा तुला माहीत होतं."

"होय," म्हटलं.

 संपात जिने मला रोज फडक्यात बांधून दिलं, तिने माझ्याकडे पाठ केली. मी डब्यातून पेज नेली होती. जाईबाईने डबा माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "मावशी, तुमी आता येऊ नका." चांगल्या शब्दांत म्हणाली.

आज दिवसभर मी तुला लिहिलेली आधीची तीन पत्रं आठवत बसले होते. विश्वासाने आले, माहीत असून केलंस, स्वतःला वाचवायला दुसरीचं रक्त वापरलंस. त्यातलं एकेक वाक्य पुतळाबाईला मला लिहिता आलं असतं, एक अक्षर न बदलता. तिला लिहिता येत नाही.

गुणवंती